तिसरा चौकोन

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, पण एकदाही विकला न गेलेला. भंडाऱ्यात भय्याजींच्या दुकानात मला नमुन्याचा म्हणून मांडलं, तो मी आजतागायत तिथंच आहे.

माझ्या शेजारी माझा जुळा भाऊ असायचा. तीच जाडी, तेवढंच वजन, एका हातात सहज उचलावं असं. तो जरा स्वस्त, शिवाय त्याच्या पोटात जागा दुप्पट. माझ्याकडे मात्र चेहरे ओळखणारा कॅमेरा. समोर कुणी आलं की मी पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती चौकोन काढायचो. गिऱ्हाईक "वा!" म्हणायचं आणि किंमत ऐकून भावाकडे वळायचं. असा राग यायचा म्हणून सांगू!

एका दुपारी रीना आली, सोबत तिची आई रंभाबाई. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं तेव्हापासून पुनर्वसनातल्या घरात राहणारी ही माणसं. रीनाला नागपुरात नोकरी लागली होती. रोज बसमध्ये नेता येईल असं हलकं काहीतरी तिला हवं होतं. दोघी माझ्यासमोर वाकल्या. मी तीन चौकोन काढले.

"भय्याजी, आम्ही दोघीच आहो न? मंग हे तिसरं कोन दाखवून राह्यलं?"

"डेमोचा पीस आहे न, बेटा. कॅमेरा गडबडला असंल."

त्यांनी मला पुसलं, बंद करून पुन्हा चालू केलं. मी पुन्हा तीनच काढले. खोटं कसं काढू? तिसरा रीनाच्या डाव्या खांद्यामागे होता, जरासा वर, आणि श्वास घेतल्यासारखा हलत होता.

रंभाबाईनं माझ्या काठावर टेकलेला हात मागे घेतला. "थे तुया बापाची जागा हाये," ती म्हणाली. "तुया मांगंच उभे राहत."

"आई, चूप न! बाबा येतीन म्हनून तूच त रोज त्यायचं ताट वाढतेस."

रीनाचे वडील कृष्णराव धरणात मासोळीला गेले होते. पाण्यावर रिकामा डोंगा तरंगताना सापडला, माणूस नाही. त्यांना गेलेलं मानायचं की नाही, एवढंच त्या घरात ठरायचं राहिलं होतं. आणि ते मी ठरवून टाकलं होतं! माझीच मला भीती वाटली.

"मले हे नोको," रंभाबाई म्हणाली. "दुसरंच घे. थे काही दाखवत नाही."

भाऊ खोक्यात गेला. मायलेकी दाराकडे निघाल्या, तसे दोन चौकोन पडद्यावरून सरकले. तिसरा मात्र हलला नाही. उलट तो माझ्याकडे येत येत मोठा होऊ लागला.

रंभाबाईनं दारातून वळून पाहिलं. ती परत आली. पडद्यावरच्या त्या चौकोनाकडे तिनं पाहिलं. मग रोजच्या आवाजात म्हणाली, "चला न जी. गाडी सुटंल."

चौकोन दाराकडे सरकला.

तिनं कपाळावरची लाल टिकली काढली. गावातल्या बायांनी किती सांगितलं, तरी आजवर तिनं ती काढली नव्हती. माझ्या कॅमेऱ्यावर ती दाबून चिकटवली आणि मोकळ्या कपाळानं बाहेर गेली.

मित्रांनो, लॅपटॉप घेताना किंमत बघा, वजन बघा, हवं तर मला नाकारा. पण ती टिकली खरवडू नका. भय्याजी रोज माझ्यावरून फडकं मारतात, तेव्हा तेवढी जागा सोडून पुसतात. तुम्हीही सोडा.