एकाच ठिपक्यातली आठ हजार पावलं

"आठ हजार दोनशे," बाबांचा मोबाइल बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. "कमाल केलीत, मास्तर. मागच्या वेळी सहाशेवर होतात. असं चालत असाल तर छातीची तपासणी सहा महिन्यांनी केली तरी चालेल."

आई फुलून गेली. बाबा शर्टाचं बटण चाचपत बसले. मी दाराशी उभी होते. आत्ता वर येताना हा माणूस सोळा पायऱ्यांत तीनदा थांबला होता, ते मला दिसलं होतं.

बाबा शिंपी, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अडीच महिन्यांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं. शिवायचं नाही, रोज चालायचं, पावलं मोबाइल मोजेल, असं सांगून घरी सोडलं. मी शाळा नववीत सोडलीय आणि डोकं लवकर तापतं, म्हणून घरात मला कुणी काही सांगत नाही. मग मी बघते.

रात्री बाबा झोपल्यावर मोबाइल उघडला. सकाळी दहा ते दुपारी एक, न थांबता पावलं. शेजारी नकाशा. नकाशावर एकच ठिपका. आठ हजार पावलं चालून माणूस जागचा हलला नव्हता.

सकाळी त्यांच्या मागं गेले. मैदानाकडं वळायच्या ऐवजी ते आपल्या बंद दुकानाकडं वळले. अर्ध्या शटरखालून आतला खडखडाट ऐकू आला. मी वाकून आत शिरले.

"हे काय चाललंय?"

"हळू बोल. शिवत नाहीये मी."

खरंच, सुईत दोरा नव्हता. मशीनवर कापड नव्हतं. बाबा नुसते पेडल मारत होते आणि मोबाइल पँटच्या खिशात, मांडीवर. मांडी हलली की त्याला वाटायचं, चालतायत.

"कुणाला फसवताय? ती बाई तपासणी पुढं ढकलून मोकळी झाली. तोवर छातीत काही झालं तर हा मोबाइल येणारे का उचलायला?"

बाबांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"पहिले पंधरा दिवस चाललो गं. भिंत धरून, कोपऱ्यापर्यंत. हा मोबाइल मोजायचाच नाही. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, मास्तर, आळस सोडा. मग एकदा धाप लागली म्हणून इथं टेकलो. सवयीनं पाय चालले. संध्याकाळी तुझी आई म्हणते, आज चार हजार. किती दिवसांनी हसली ती."

"मग बोलायचं ना."

"काय बोलू? यंत्र खोटं आणि मी खरा? कोण ऐकतंय शिंप्याचं?"

"उठा," मी म्हटलं.

मोबाइल त्यांच्या खिशात तसाच ठेवला. ते भिंत धरून निघाले, मी शेजारी मोजत. पाय उचलत नव्हते, घासत होते. माझ्या हिशेबानं शंभर झाली तेव्हा ते एका ओट्यावर बसले. कपाळावर घाम. मोबाइलवर एकोणीस वाढली होती.

माझा राग कुठं ठेवू ते मला कळेना. मोबाइल आपटावासा वाटला. पण तो आईनं घेतलेला.

"आजच जाऊ," मी म्हटलं.

"आईला कळेल."

"कळू दे."

डॉक्टरबाईंनी सवयीनं मोबाइलसाठी हात पुढं केला. बाबांनी तो टेबलावर उपडा ठेवला.

"बाई, त्याला नको. मला बघा."

आणि ते वऱ्हांड्यात चालायला लागले. बाकावरचे पेशंट बघायला लागले. मी मोठ्यानं मोजत होते, आवाज फाटत होता तरी. चौसष्टला त्यांनी भिंतीला हात लावला. दुकानातून आल्यामुळं त्या दिवशी जास्तच थकले होते. डॉक्टरबाई खुर्चीतून उठून दारात आल्या होत्या.

"तपासणी आजच करू," त्या म्हणाल्या. "हे आधी का नाही सांगितलंत, मास्तर?"

"तुम्ही त्यालाच विचारत होता."

श्वास जागेवर आल्यावर बाबांनी खिशातून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला. दुकान बंद असलं तरी तो त्यांच्या खिशात असतोच. हळूच वाकले आणि चौसष्टावं पाऊल थांबलं होतं तिथं, चपलेच्या टोकाशी फरशीवर रेघ मारली. सरळ, एका झटक्यात, कापडावर मारतात तशी.

मागून पोछा मारत मावशी आल्या. रेघेपाशी थबकल्या, माझ्याकडं बघितलं.

बाबांनी पाय बाजूला घेतला.

"पुसा, मावशी," ते म्हणाले. "जागा माझ्या लक्षात आहे."