भोंग्याच्या मशीनचं बारसं

आमच्या प्रफुलचा हात स्वस्थ राहत नाही, हे मी त्याची माय असून सांगते. ऊर्जानगराहून दोन दिवसांच्या सुटीवर येतो आणि चालत्या वस्तूची खोड काढतो. गावानं माझ्या ओसरीत कॉम्प्युटर ठेवला आहे. जंगलकाठच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला की तो बांधावरचा भोंगा वाजवतो. आज सकाळी यानं त्या मशीनचं नाव बदललं. जुनं नाव भिकार होतं म्हणे. मग मशीन बंद करून चालू केली, आणि भोंगा काही चालू झाला नाही.

दुपारी पडद्यावर वाघ आला, नाल्याच्या अलीकडे. तिथून जवळच्या बांधीत प्रफुलची बायको रंजीता आणि आणखी दोघी वाकून धान कापत होत्या. तिकडे फोन लागत नाही. शेजारच्या लटारूभाऊंना सायकलवर पिटाळलं, पण वाट लांबची.

"भोंगा चालू कर," मी म्हटलं.

"करूनच राह्यलो ना, माय. मशीनचा मालक म्हनून हुकूम देतो, तं ते मिनिटभर थांबते अन् नाई म्हणते."

"काऊन?"

"म्हणते, ह्या नावाची मशीन मले सापडत नाई."

"सोतालेच सोता सापडत नाई? तुह्यावरच गेली."

त्यानं तोच हुकूम पुन्हा टाकला. मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात वाघ पडद्यातून निघून गेला. कुणीकडे, ते कॅमेरा सांगेना.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण रंजीता माहेरची ललिता. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, आणि राशनच्या यादीत चढवायचं राहिलं. तीन महिने दुकानदार विचारायचा, ही रंजीता कोण?

"नाव ठेवलं तं ठेवलं. यादीत चढवलं का?"

"कोनती यादी?"

"ते तुले माहीत. मशीन नाव कुठी तरी पाहातच असन ना."

तो थबकला. मशीनच्या मालकाच्या खात्यातून सरळ आत शिरला, एक यादी उघडली. तिथे जुनंच नाव बसलं होतं. नवं लिहिलं, हुकूम दिला. बांधावरचा भोंगा ओसरीपर्यंत ऐकू आला.

मी दारातून हलले नाही. अर्ध्या तासानं लटारूभाऊंसोबत तिघी आल्या. रंजीताच्या मुठीत विळा तसाच आवळलेला.

"भोंगा वाजला तवा बाजूच्या झुडपातून उठून गेला," ती म्हणाली. "वीस पावलंई नसन."

"पाह्यलं माय? केलं ना ठीक," प्रफुल म्हणाला.

"बिघाडलंई तूच, प्रफुल. उद्या त्या बांधीत धान कापाले तू जाय. मशीनपाशी रंजीता बसन. अन् तिले विचारल्याबिगर हात लावाचा असन, तं सुटीले येऊच नोको."