फाट्यावरची पाटी

पाटी तुम्ही वनखात्यावाल्यांनी काढलीत. खांब दोन्ही जागेवर ठेवलेत, स्क्रूची भोकं ताजी, आणि पाटी तेवढी उचलून नेलीत. वेबसाइटवर एक ओळ टाकली की झालं तुमचं काम! त्या दरीत मोबाइलला रेंज नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?

प्रमोदला नव्हतं. उत्तर बेटावरच्या अल्बनीहून बायको-मुलीला घेऊन तो उन्हाळ्याच्या शेवटच्या वीकेंडला दक्षिण बेटावरच्या डोंगरांत आला होता. पायाला भिंगरी लागलेला माणूस. नदीकाठची तंबूची जागा दुसरा कोणी पटकावेल, या धसक्याने कारमधून उतरल्या उतरल्या सॅक चढवून पुढे सुटला. मागे विभावरी आणि एकोणीस वर्षांची वल्लरी.

जंगलात एके ठिकाणी वाट फुटली. दोन खांब, पाटी नाही. डावीकडची वाट चांगली रुंद. प्रमोद तिच्यावरून थोडा गेला, पण पुढे नेचे माजलेले, ताज्या बुटाचा एक ठसा नाही. परत फिरला. उजवीकडे चढावर बरंच वर गेल्यावर झाडाला खुणेचा केशरी त्रिकोण दिसला. मग कॉलेजपासून सह्याद्रीत करत आला तेच त्याने केलं. खाली येऊन एक वाळकी फांदी ओढली आणि चुकीच्या वाटेवर आडवी टाकली. मागून येणाऱ्याने समजायचं, इकडे नाही. तिथे उभं राहून मागच्यांची वाट बघितली असती तर? पण तंबूची जागा होती ना डोक्यात. चालू पडला.

तंबूचा शेवटचा खुंटा ठोकत होता, तेव्हा विभावरी आली. एकटीच.

"वल्लरी कुठंय?"

"म्हणजे? ती कधीच पुढे आली! मी टाचेला पट्टी लावायला बसले, तर म्हणाली, बाबांना गाठते."

"फाट्यावर फांदी होती?"

"होती की. म्हणून तर मी इकडे वळले. तुझ्याशिवाय कोण टाकतंय इथे फांद्या?" बोलता बोलता तिने मागे वाटेकडे बघितलं. "प्रमोद, मला कळलं ते. पण तिला कोणी सांगितलंय?"

तो उतारावरून धावत सुटला. मागच्या आठवड्यातल्या वादळाने वाटभर फांद्या पाडल्या होत्या. येताना त्यानेच किती ओलांडल्या होत्या, ध्यानातही आलं नव्हतं. आता एकेक ओलांडताना नीट दिसत होती. पोरीला पोहायला शिकवलं, नेटबॉलला नेलं, मराठी शाळेत बसवलं. एवढं एक मात्र शिकवलं नाही.

"वल्ले! ए वल्ले!"

नदीच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येईना.

वाट संपली तिथे ती सापडली. संपली कसली, तुटली होती. डोंगराचा लचकाच खाली नदीत गेला होता. वल्लरी कडेपासून हातभर अलीकडे, झाडाचं मूळ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली. एक बूट गायब, घोटा सुजून टम्म.

"बाबा, द ग्राउंड जस्ट वेंट."

त्याने आधी तिला मागे ओढलं, छातीशी धरलं, आणि मग ओरडला, "आडवी फांदी दिसली नाही तुला?"

"इट वॉज अ ब्रांच, बाबा! देअर आर हीप्स ऑफ ब्रांचेस!"

खरंच होतं तिचं.

सकाळी तिघं परत निघाली, वल्लरी बापाच्या खांद्यावर भार टाकून, सुजलेल्या पायात रबरी चप्पल. फाट्याशी आल्यावर विभावरीने आपली सॅक बंद वाटेच्या तोंडाशी आडवी टाकली आणि तिच्यावर बसकण मारली.

"चल ना, विभा."

"तुम्ही जा. रविवार आहे, लोक पोराबाळांना घेऊन येतील. मी बसते."

"या चावऱ्या सँडफ्लाय फाडून खातील."

"खाऊ देत. काल तू बसला असतास, तर आज मला बसावं लागलं नसतं."

रेंज आली ती हमरस्त्यावर. प्रमोदने गाडीतूनच फोन लावला. तुमच्या नंबरवरची बाई गोड आवाजात 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली. पाटीवर लिहिलेली चालायची वेळ बदलायची आहे, म्हणून पाटी वर्कशॉपमध्ये नेली आहे. वाट बंद असल्याचं वेबसाइटवर दिलं आहे. निघण्याआधी बघणं ही तुमची जबाबदारी. मुलीबद्दल ऐकून वाईट वाटलं. आणखी काही मदत करू का?

या देशात आल्यापासून असल्या प्रश्नाला प्रमोद 'नो वरीज, थँक यू' म्हणत आला होता. बँकेत, ऑफिसात, सगळीकडे. आताही जीभ सवयीने तिकडेच वळली. आरशात मागच्या सीटवरची वल्लरी दिसत होती. पाय सॅकवर टाकून ती त्याच्याकडेच बघत होती.

"हो, करा मदत," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमची पाटी वर्कशॉपमध्ये आहे. तिच्या जागी आत्ता माझी बायको बसली आहे. तिला उठवायला तुमच्याकडून कोण येतंय? नाव सांगा. मी फोन ठेवणार नाही."