सतरा तुकड्यांचा कोट

बारकीला बढती मिळाली आणि तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. वीस वर्षं ती बस आगारात खिडकीमागे बसून तिकिटं देत होती. आता आवारात उभं राहून कोणती बस कुठल्या फलाटावर लावायची, कोणती आधी सोडायची, हे ठरवायचं काम तिच्याकडे आलं. म्हणजे ऊन, वारा, पाऊस, सगळं अंगावर. आधीचे नियंत्रक निवृत्त होताना तिला म्हणाले, "मॅडम, छत्री घेतलीत तर हात अडकतो. प्लॅस्टिकचा रेनकोट घातलात तर ड्रायव्हर तुम्हाला प्रवासी समजतात आणि ऐकत नाहीत. एक चांगला ट्रेंच कोट घ्या, लांब, पट्ट्याचा, पावसात चालणारा."

बारकी हे तिचं घरातलं नाव. वय सेहेचाळीस झालं तरी वडील भर रस्त्यात तिला याच नावानं हाक मारत. कोट घ्यायचाय हे ती त्यांच्यासमोर बोलली, तिथंच चुकलं.

अप्पा एकतीस वर्षं कोटांच्या कारखान्यात कटर होते. कापडाच्या थप्पीवर खडूनं रेघा मारायच्या आणि कापायचं. कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली, बायको जाऊन चार. तेव्हापासून ते बारकीकडेच होते, आणि इतक्या दिवसांत त्यांना हात घालण्याजोगा विषय पहिल्यांदाच मिळाला होता.

"मी येतो बरोबर," ते म्हणाले आणि चपला घालून दारात उभेही राहिले.

पहिल्या दुकानात त्यांनी सात कोट उलटे करून अस्तर तपासलं आणि सातही नापास केले. एकाची खांद्याची शिवण हाडाच्या खाली उतरते. दुसऱ्याची बटणं दोन रांगांत आहेत, पण एका रांगेला काजंच नाहीत, नुसती शोभेची. तिसऱ्याचा पट्टा इतका आखूड की गाठ मारता येणार नाही. "पट्टा बकलात अडकवायचा नसतो, बारके. गाठ मारायची. बक्कल फक्त लोंबायला असतं."

"मग लावतात कशाला?"

"असतं म्हणून लावतात," अप्पा म्हणाले, जणू याहून सरळ उत्तर असूच शकत नाही.

दुसऱ्या दुकानात त्यांनी तिला कोट घालून खाली वाकायला, हात वर करायला आणि खुर्चीवर चढायला लावलं. खुर्चीवर चढल्यावर तिला समोरच्या आरशात आपला लालबुंद चेहरा दिसला. मागे दोन कॉलेजच्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. तिसऱ्या दुकानात मात्र कहर झाला. अप्पांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण भरलं आणि टांगलेल्या नव्याकोऱ्या कोटाच्या खांद्यावर ओतलं.

विक्रेती धावत आली. "आजोबा, हे काय करताय?"

"पाऊस पाडतोय," अप्पा शांतपणे म्हणाले. "हे बघा, ही खांद्यावरून छातीवर येणारी झडप. ही खालून मोकळी हवी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून जातं. तुमच्या कोटात ती चारही बाजूंनी शिवून टाकलीय. पाणी शिवणीवर बसतं आणि आत जातं. बघा, गेलं."

खरंच गेलं होतं. पण बारकीला ते बघायचंच नव्हतं. तिनं विक्रेतीची दहा वेळा माफी मागितली, अप्पांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि बस येईपर्यंत त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. अप्पा मात्र बोलत होते. चौथं दुकान कुठलं, याबद्दल.

चौथं दुकान आलंच नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बारकी एकटी गेली आणि वीस मिनिटांत कोट घेऊन आली. रंग वाळूसारखा, लांबी गुडघ्याच्या खाली चार बोटं, कॉलर रुंद. खांदा थोडा मोठा होता, हे तिला दुकानातच जाणवलं होतं. झडपही चारही बाजूंनी शिवलेली होती. पण आता माघार घेणं तिच्या जिवावर आलं होतं.

संध्याकाळी तिनं कोट घालून दाखवला. अप्पांनी चष्मा चढवला, एकदा पुढून बघितलं, एकदा मागून. "रंग छान आहे," एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी पाऊस आला, तोही आडवा. बारकी आवारात साडेतीन तास उभी होती. पहिल्या तासाभरातच डाव्या खांद्यातून गार थेंब आत उतरला, मग उजव्या, मग पाठीवरून धार लागली. मोठ्या खांद्यामुळे बाह्या तळहातावर येत होत्या. एकदा तर हात वर केल्यावर ड्रायव्हरला बोटंच दिसली नाहीत आणि तो दोन नंबरच्या फलाटावर जायचा तो पाचवर गेला. चाळीस माणसं सामान उचलून पावसात पळाली आणि पळता पळता सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

घरी येऊन तिनं कोट खुर्चीवर टाकला. "बोला आता! म्हणा, सांगितलं होतं!"

अप्पांनी कोट हँगरवर लावला आणि न्हाणीघरात निथळत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. दुपारी दार उघडून ती आत आली, तर जेवणाच्या टेबलावर कोट नव्हता, कोटाचे तुकडे होते. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, पाठ मधोमध दोन भागांत, झडप, खिसे, पट्टा. नीट ओळीनं मांडलेले. कडेला उसवलेल्या दोऱ्याचा गुंता आणि हातात खडू घेतलेले अप्पा.

"अप्पा!"

"सतरा तुकडे आहेत," ते उत्साहानं म्हणाले. "खांदा बोटभर आत घेतला. बाहीचा वरचा गोल नवा काढला. झडप खालून मोकळी करायची. कापड वाईट नाही गं, विणीला घट्ट आहे. नुसती शिलाई बेकार."

बारकी कशीबशी म्हणाली, "बरं. उद्या घालायला मिळेल ना?"

अप्पांनी खडू खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "मला शिवता येत नाही."

"म्हणजे?"

"मी कटर होतो, बारके. जोडायचं काम वरच्या मजल्यावर व्हायचं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "एकतीस वर्षं! एकतीस वर्षं कोटांच्या कारखान्यात काढली म्हणून घरादाराला ऐकवता, आणि एक कोट जोडता येत नाही? मग उसवलात कशाला? घालत होते ना मी! भिजत होते, पण घालत होते!" आणि मग, बोलू नये ते बोलली. "तुम्हाला काही उद्योग नाही, म्हणून माझ्या वस्तूंची वाट लावताय."

अप्पांनी मान खाली घातली आणि तुकडे एकेक करून घडी करायला लागले. बारकी आतल्या खोलीत गेली, कपडे बदलले, पलंगावर बसून राहिली. राग उतरायला तिला अर्धा तास लागला. उतरल्यावर जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती बाहेर आली.

"वरच्या मजल्यावर कोण होतं?" तिनं विचारलं. "कुणी आहे का अजून?"

अप्पांनी जरा विचार केला. "कॉलरबाई आहे. पण ती येणार नाही. आमचं जमायचं नाही."

बारकीच्या एका फोनवर कॉलरबाई दुसऱ्या दिवशी नऊ वाजता हजर झाली. काठी टेकत, बरोबर नातसून आणि नातसुनेच्या हातात शिलाई मशीन. कारखान्यात तिनं आयुष्यभर कॉलर बसवल्या होत्या म्हणून सगळे तिला तेच म्हणत. टेबलाशी उभं राहून तिनं बाही उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, "कटर, अजून तीच चूक. गोल जास्त खोल घेता तुम्ही."

"मी खोल घेत नव्हतो. तुम्ही ताणून शिवत होता."

"एकतीस वर्षं मी तुमचा गोल सांभाळून घेतला."

"एकदा तरी खाली येऊन सांगायचं!"

"तुम्ही वर आलात का कधी?"

चार दिवस हे चाललं. चार दिवस बारकीनं स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून जेवण केलं, कारण टेबल रिकामं नव्हतं. आगारात ती जुना प्लॅस्टिकचा रेनकोट घालून गेली आणि ड्रायव्हरांनी तिला प्रवासी समजून जागा दाखवली. दात घासत असताना तिला बोलावून टाचण्या लावलेला अर्धा कोट चढवला जायचा. "हलू नकोस," अप्पा म्हणायचे. "श्वास तर घेऊ दे तिला," कॉलरबाई म्हणायची. टाचण्या टोचायच्या त्या टोचायच्याच. नवरा फिरतीच्या नोकरीवर होता. फोनवर तो खो खो हसला, तेव्हा तिनं फोन ठेवून दिला.

पाचव्या दिवशी कोट तयार झाला. बारकीनं घातला. खांदा हाडावर बसला. बाह्या मनगटापाशी थांबल्या. पट्ट्याला गाठ अप्पांनी मारली, कॉलरबाईनं सोडली, पुन्हा मारली. दोघं मागे सरून बघत राहिले, आणि त्या अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदाच घरात कुणी कुणाची चूक काढली नाही. दहा सेकंद असेल.

"डावी बाही गव्हाभर लांब आहे," मग कॉलरबाई म्हणाली.

पाऊस मंगळवारी आला. बारकी आवाराच्या मधोमध उभी होती. अकराच्या सुमारास तिला प्रवाशांच्या शेडमध्ये दोन ओळखीची माणसं दिसली. एकाच्या हातात छत्री, दुसरीच्या हातात काठी. तिनं न पाहिल्यासारखं केलं. पण अप्पांच्यानं राहवेना. भर आवारात, मागे सरकत येणाऱ्या बसच्या वाटेत, ते छत्री उघडून तिच्याकडे चालत यायला लागले. बोटानं कॉलर वर करायची खूण करत.

तिनं शिट्टी इतक्या जोरात फुंकली की बस थांबली, अप्पा थांबले आणि शेडमधली कबुतरंसुद्धा उडाली. "अप्पा! मागे व्हा! शेडमध्ये!" ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघायला लागला. अप्पा मुकाट्यानं मागे फिरले.

चहाच्या सुट्टीत ती तावातावानं शेडकडे गेली. काय काय बोलायचं ते तिनं मनात ठरवलं होतं. अप्पा बाकावरून उठले.

"आत आलं का पाणी?"

तिनं कोटाच्या आत हात घातला, खांद्यापाशी चाचपलं. कोरडं होतं. "नाही," ती म्हणाली.

"आम्ही कापलेला कोट पावसात कधी बघितलाच नव्हता," अप्पा म्हणाले. "गठ्ठे बांधून ट्रकमध्ये जायचे. म्हणून आलो."

ठरवलेल्यातलं बरंचसं बारकीनं गाळलं. पण चिडचिड काही एका क्षणात जात नसते. "बसच्या खाली येऊन बघायचं असतं का पण?" ती म्हणाली आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसली. कॉलरबाईनं काही न विचारता पुढे वाकून तिची कॉलर उभी केली, मागची कड दोन बोटांनी सरळ केली आणि तिघांसाठी चहा सांगायला उठली.