दाराकडून येणारा आवाज

मी माइक बोलतोय. गाणाऱ्याच्या हातातला किंवा पुढाऱ्याच्या तोंडापुढचा नव्हे. तसलं नशीब घेऊन मी आलो नाही. मी काळा, जर्दाळूच्या बीएवढा, मागे लांबलचक वायर. माझ्यात कुणी बोलत नाही. मी फक्त ऐकतो, आणि ऐकलं ते यंत्राला कळवतो.

घरात मोठा टीव्ही आणि भोवती स्पीकर मांडले की माझी आठवण होते. माणूस जिथे बसून ऐकणार, तिथे त्याच्या कानाच्या उंचीवर मला ठेवतात आणि बटण दाबतात. मग एकेक स्पीकर पाळीपाळीने चिवचिवतो. कोण लांब आहे, कोण जवळ, कोण उगाच ओरडतोय, कोण पुटपुटतोय, ते मी सांगतो आणि यंत्र प्रत्येकाला शिस्त लावतं. तेवढा वेळ घरात शांतता हवी, आणि माणसाला नेमकी तीच जमत नाही. एका घरी ऐन वेळी आजोबांना सणसणीत शिंक आली. यंत्राने ठरवलं की उजवा स्पीकर शेजाऱ्याच्या अंगणात आहे. दुसऱ्या घरी मालक मला उशीवर ठेवून शेजारीच झोपला. तिथले स्पीकर घोरण्याच्या मानाने लागले, आणि गंमत म्हणजे मालकाला ते फार आवडले!

हे सगळं काराकोल गावातलं. बाजारात इस्खार नावाच्या दुंगान, म्हणजे पूर्वी चीनकडून आलेल्या मुसलमान जमातीतल्या, व्यापाऱ्याचं दुकान आहे, तिथे मी वाढलो. इस्खार म्हणायचा, "गिऱ्हाइकाला स्पीकर विकू नये, बसायची जागा विकावी. स्पीकर आपोआप जातात." बोलण्यात साखर, डोक्यात तराजू, पण माणूस मनाचा खोटा नाही.

तोक्तोनाझारांच्या घरी मी आलो तो त्याच्याच खिशातून. त्यांचा मुलगा एर्निस्त कोरियात कारखान्यात कामाला. त्याने आईबापांसाठी तिकडून सगळा संच पाठवला, पण वाटेत खोका फुटला आणि त्यातला माझा भाऊबंद हरवला. म्हणून इस्खारने मला नेलं.

मला कुठे ठेवायचं, यावर कुणी चर्चाही केली नाही. खोलीच्या आतल्या भिंतीशी, रजयांच्या चळतीपुढे मानाची जागा असते, तिला तोर म्हणतात. घरचे म्हातारे तोक्तोनाझार तिथे बसत. टीव्ही खिडकीच्या भिंतीला, आणि त्याच्याकडे वळून बसलं की दार डाव्या हाताला. दाराशी चहाचं पाणी उकळायचा समोवार, आणि समोवारापाशी त्यांची बायको, बुबुकान.

"उठा आता," बुबुकान नवऱ्याला म्हणाली. "तुमच्यापेक्षा मोठा पाहुणा आलाय."

"एवढासा?"

"एवढासा आहे, पण सगळ्यांना गप्प बसवतोय. तुम्हाला जन्मात जमलं का ते?"

इस्खार हसून लोळायचाच बाकी होता. तिने समोवार बाहेर नेला, दार ओढून घेतलं, स्पीकर चिवचिवले, काम झालं. इस्खार तिथल्या चहापाण्यात मला न्यायला विसरला. मी त्या घरचा झालो तो असा.

त्याच हिवाळ्यात बुबुकान गेली. तापाचं निमित्त झालं, आणि आठवड्याच्या आत अंगणातून तिला नेलंसुद्धा. रडणाऱ्या बायकांचे आवाज मी टीव्हीखालच्या खणातून ऐकले. मग टीव्हीवर कापड पडलं. सुतकात तो लावत नाहीत.

चाळिसावा दिवस झाला आणि म्हातारे सुनेला म्हणाले, "जाझगुल, तुमच्या लग्नाची ती फिल्म लाव."

त्या फिल्ममध्ये बुबुकान आहे. नव्या जोडप्याला आशीर्वाद देते, आणि मग यजमानीणबाईच्या सवयीने पाहुण्यांवर ओरडते, "अहो, चहा घ्या, निवतोय!" जाझगुलने फिल्म लावली. म्हाताऱ्यांनी ऐकलं आणि मान हलवली.

"ही ती नव्हे."

"अता, त्याच आहेत. दिसतायत की." अता म्हणजे बाबा, सून त्यांना तसंच म्हणायची.

"दिसतेय ती. बोलतेय दुसरीच कुणी."

इस्खारला बोलावलं. त्याने मला पुन्हा तोरावर ठेवलं, पुन्हा बटण दाबलं. मी खरं तेच सांगितलं.

"आके, यंत्र म्हणतंय सगळं बरोबर आहे," तो म्हाताऱ्यांना थोरल्या भावाची हाक घालून म्हणाला.

"यंत्राने तिच्याशी संसार केला का?"

इस्खार माझी वायर गुंडाळू लागला.

दाराशी आता जाझगुल बसायची. ती म्हणाली, "चहा ओतू का, अता?" आणि म्हाताऱ्यांनी झटकन डावीकडे मान वळवली. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग सासूबद्दल हळूच म्हणाली, "इस्खार-आके, अपा टीव्हीकडून कधी बोलल्याच नाहीत. त्या इथून बोलायच्या. माझ्या जागेवरून."

"मग?"

"मग आवाज इथून काढा."

"पोरी, समोर तोंड हलणार आणि बोलणं दारातून येणार? बाजारात कळलं तर माझं दुकान बंद होईल."

"कळणार कसं? तुम्हीच सांगाल तेव्हा ना!"

मग दोघं हाताने लावायला बसली. मी बाजूला पडलो होतो. समोरच्या स्पीकरांचा आवाज खाली आणला, दाराकडच्याचा वर चढवला, त्याची धार कमी केली. थोडं इकडे, थोडं तिकडे. मध्येच इस्खार स्वतःवरच चिडायचा. माझ्या हिशोबाने तो निव्वळ गोंधळ होता. एकही स्पीकर आपल्या जागी नव्हता.

फिल्म लावली. दाराकडून आवाज आला, "अहो, चहा घ्या, निवतोय!"

म्हाताऱ्यांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. हातातली वाटी दाराकडे पुढे केली आणि म्हणाले, "थोडाच ओत."

इस्खार खाली बघू लागला. जाझगुलने वाटी घेतली, थोडाच ओतला आणि परत दिली. ते निवांत प्यायले.

त्यानंतर आठवड्यातून एखादे दिवशी दुपारी ते म्हणायचे, "लाव जरा." बस्स, तेवढंच. फिल्म संपली की उठून गुरांना बघायला जायचे. घरात कुणी त्यावर काही बोललं नाही. आणि इथेच घात झाला: कोरियात एर्निस्तलाही कुणी कळवलं नाही. असलं फोनवर सांगायचं तरी कसं?

वर्षश्राद्धाच्या जेवणाला एर्निस्त आला. अंगणात कढया चढल्या होत्या, जाझगुल तिथे पिठात हात घालून बसलेली. घरात नातेवाईक जमले, तेव्हा आईचा आवाज सगळ्यांना ऐकवावा म्हणून त्याने फिल्म लावली आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"कुणी वाट लावली याची? आई समोर, आवाज दारात!" त्याने खण उघडला. "हा बघा, माइक इथे धूळ खातोय."

त्याने मला तोरावर ठेवलं. सगळ्यांना गप्प केलं. म्हातारे काही बोलायला गेले, तर तो प्रेमाने म्हणाला, "अता, एक मिनिट, बोलू नका. नाहीतर बिघडेल."

बापाने हातातली वाटी खाली ठेवली. स्पीकर चिवचिवले. मला खोटं ऐकता आलं असतं तर त्या दिवशी ऐकलं असतं. पण माझी घडणच तशी नाही. खिडकीतून चिवचिवाट ऐकून जाझगुल धावत आली, कोपरापर्यंत पीठ, दारातूनच ओरडली, "थांबा! ते पुसू नका!" पण यंत्राने "स्पीकरांचं जुनं माप पुसून नवं ठेवू का?" असं विचारलं होतं आणि एर्निस्तने "हो" दाबलं होतं.

"ऐका आता, अता. एकेक शब्द स्वच्छ."

म्हाताऱ्यांनी ऐकलं. पोरगा लांबून आला होता. "छान आहे, बाळा," ते म्हणाले. "खूप स्वच्छ आहे."

खोलीतल्या पाहुण्यांनी डोळे पुसले. जाझगुल हातावरचं पीठ खरवडत दारातच उभी राहिली. नवऱ्याला तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्या संध्याकाळी एर्निस्त जेवला नाही.

तो परत गेल्यावर इस्खार आला. दोघांनी पुन्हा हाताने लावून पाहिलं. थोडं इकडे, थोडं तिकडे. मागचे आकडे कुणी लिहून ठेवले नव्हते. कानाने लावलेलं, कानालाच ठाऊक. इस्खार म्हणाला, "एकदा कालवलेला रंग पुन्हा तसाच कालवता येत नाही, पोरी." तरी ती दर खेपेला विचारायची, "अता, आता?"

शेवटी म्हातारे म्हणाले, "हो, हो. हीच ती." सूप खारट झालं तरी पाहुणा ज्या सुरात यजमानीणबाईला "छान झालंय" म्हणतो ना, त्या सुरात.

त्यानंतर त्यांनी फिल्म कधी मागितली नाही. टीव्हीवर बातम्या लागतात, हवामान लागतं, सगळं स्वच्छ ऐकू येतं.

मी खणात आहे. कधी कुणाच्या घरी मला पुन्हा उशीवर ठेवलंत, तर बटण दाबण्याआधी एवढं करा: त्या उशीवर जो रोज बसतो त्याला विचारा, त्याचं माणूस कुठून बोलायचं. मला विचारू नका. मी अंतर सांगेन, आणि ते बरोबरही असेल.