एक्सरेतला डाग

खोकला काही केल्या हटेना, म्हणून भूपेश वडिलांना, कमळाकरांना, डॉक्टरांकडे घेऊन गेला. एक्सरे काढला. छातीच्या उजव्या बाजूला, अगदी वर, गळ्याखालच्या हाडाआड एक पांढरट डाग दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच नक्की सांगता येणार नाही. टीबीही असू शकतो. थुंकी तपासून घेऊ."

कमळाकरांनी त्यातला एकच शब्द ऐकला. त्यांचा थोरला भाऊ दौलतराव ऐन तारुण्यात टीबीनेच गेला होता. बदलापूरजवळच्या आपल्या गावी परत आल्यावर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. गोठ्याला लागून भाताची पोती ठेवायची खोली होती, तिथे स्वतःची गादी नेऊन टाकली. सून रिद्धी म्हणाली, "बाबा, अजून काय ठरलंय का?" तर ते म्हणाले, "ठरंपर्यंत थांबू काय? घरात पोर हाय."

पोर म्हणजे नात, तुळशी. नुकती बोलायला लागलेली. दिवसभर आजोबांच्या खांद्यावर बसून फिरायची सवय लागलेली ती मुलगी खोलीच्या दारावर थापा मारायची, "आबा, दाल उघल!" ते आतून कडी लावून गप्प बसायचे. मग ती रडायची, आणि रिद्धी येऊन तिला उचलून न्यायची.

थुंकीत काही सापडलं नाही. भूपेशला वाटलं, सुटलो. पण डॉक्टरांचा चेहरा तेवढा मोकळा नव्हता. "टीबी दिसत नाही, पण डाग आहेच. गाठ असली तर लवकर कळलेली बरी. हाड मधे येतंय, त्यामुळे नीट दिसत नाही. मागे रेलून एक्सरे काढला की हाड वर सरकतं. उल्हासनगरला कॅम्प चार या भागात एक सेंटर आहे, तिथे जा. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरही तिथेच बसतात."

दुसऱ्या दिवशी भूपेशने वडिलांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि अंबरनाथवरून उल्हासनगर गाठलं. डागाचं नक्की कळल्याशिवाय गादी घरात आणायची नाही, असं कमळाकरांनी निघतानाच बजावलं होतं.

सेंटरमध्ये एक्सरे काढणारी मुलगी होती स्वप्नाली. विठ्ठलवाडीला राहायची. कोर्स संपल्यापासून ती इथेच कामाला होती. तिने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, कमळाकरांना सदरा आणि गळ्यातली माळ काढायला लावली आणि सुती गाऊन दिला.

"बाबा, या फिल्मच्या पाटीकडे पाठ करून उभे राहा. आता एक पाऊल पुढे. पाय तिथेच ठेवायचे आणि नुसते खांदे मागे पाटीला टेकवायचे. पोट पुढे आलं तरी चालेल."

कमळाकरांनी मान मागे टाकली. छाती होती तिथेच राहिली.

"मान नाही, बाबा. अख्खं अंग मागे."

त्यांनी अंग मागे सोडलं, तसे गुडघेच वाकले. पाठीमागे काही लागेना. त्यांनी घाबरून बाजूचा दांडा पकडला आणि खोकल्याची मोठी उबळ आली. स्वप्नाली धावली. तिने त्यांना स्टुलावर बसवून पाणी दिलं.

"मना नाय जमायचं," ते भूपेशला म्हणाले. "जे हाय ते हाय. चल, घरी ने."

"बाबा, एवढं लांब आलोय…"

"सांगलं ना, नाय जमत! मागं पडतो मी."

भूपेशने स्वप्नालीला हळूच सांगितलं, "पेंढ्याच्या उडवीवरून पाठीवर पडले होते मागे. तेव्हापासून पाठीमागे रिकामं वाटलं की घाबरतात."

स्वप्नालीने घाई केली नाही. बाहेर पेशंट बसले होते, त्यांना तिने थांबायला सांगितलं. मग कमळाकरांसमोर बसून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही काम काय करायचात?"

"शेती. दुसरं काय? भात लावायचो."

"बैल होते?"

"होते म्हणजे? जोडी होती माझी. शर्यतीला न्यायचो." बोलताना त्यांचा आवाज जरा वर चढला. "उजव्या अंगाचा तर असा मस्तीला यायचा, दोघांनी धरला तरी आवरायचा नाय."

"मग तुम्ही कसा आवरायचात?"

"कासरा धरून. असा." ते उभे राहिले. दोन्ही मुठी पोटाशी आल्या, टाचा रोवल्या गेल्या, खांदे पुढे वळले आणि सगळं अंग सरळ मागे झुकलं.

"हेच पाहिजे मला!" स्वप्नाली उठलीच. "अगदी असंच. फक्त इथे, पाटीसमोर. आधी हात मागे नेऊन पाटी चाचपून बघा. आहे ना? ती कुठे जात नाही."

कमळाकरांनी तळव्याने पाटी दाबून पाहिली. मग पुढे तोंड करून पाय रोवले. स्वप्नालीने त्यांच्या दोन्ही मुठी आपल्या हातात धरल्या आणि त्यांचे खांदे टेकेपर्यंत सोडल्या नाहीत.

"टेकले?"

"टेकले."

"आता सोडते. बैल ओढतोय, तुम्ही धरून ठेवलाय." भूपेशला बाहेर पाठवून ती आडोशामागे गेली. "श्वास भरून घ्या… रोखा… हलू नका!"

यंत्राचा आवाज झाला.

"झालं! सोडा श्वास, बाबा." ती धावत आली आणि तिने त्यांना सरळ उभं केलं. त्यानंतर मात्र ते पोटभर खोकले.

फिल्म धुऊन वाळेपर्यंत बापलेक बाकावर बसून राहिले. भूपेशने चहा आणला, तो दोघांच्याही हातात निवला. शेवटी आतून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर रूपचंदानींनी बोलावलं. त्यांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी उजेडावर लावली होती.

"ये देखो, आजोबा. जुन्या फोटोत हे गळ्याखालचं हाड आणि पहिली बरगडी एकावर एक आली होती. बरगडीचं पुढचं टोक वयाने कडक झालंय, तेच डागासारखं दिसत होतं. आता हाड वर गेलं. मागे फुप्फुस बघा, साफ आहे."

"म्हणजे गाठ?" भूपेशने विचारलं.

"गाठ नाही, टीबीचं काही नाही. चिठ्ठीत विडी ओढता असं लिहिलंय, खोकला तिचाच वाटतो. ती बंद करा, आणि तुमच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवून औषध घ्या. महिन्याभरात खोकला गेला नाही तर परत तपासू."

कमळाकरांनी डोक्याची टोपी काढली, तिनेच तोंड पुसलं आणि भूपेशला म्हणाले, "घरी फोन लाव."

भूपेशने मोबाइलवर रिद्धीला सांगितलं. ती रडतच म्हणाली, "लवकर या. मी गादी घरात आणते."

निघताना कमळाकर मुद्दाम एक्सरेच्या खोलीत डोकावले. स्वप्नाली दुसऱ्या पेशंटचा हात टेबलावर सरळ ठेवत होती.

"पोरी, काय नाय निघालं!"

"खरंच?" ती हसली. "बाबा, मला वाटतच होतं, पण डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला काही बोलता येत नव्हतं."

"एकदा गावाला ये. भाकरी खायला."

संध्याकाळी मोटरसायकल अंगणात थांबली तेव्हा तुळशी ओटीवर बसलेली होती. आजोबांनी हात पुढे केले. ती जागची हललीसुद्धा नाही. गाल फुगवून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आबा घाण हाय," ती म्हणाली. "दाल नाय उघलत."

"व्हय गं बाय, लय घाण हाय," कमळाकर तिच्याजवळ खाली बसत म्हणाले आणि तिचा रुसवा जाईपर्यंत तिथेच बसून राहिले.