मैदानाच्या कडेचा टीव्ही

"निघाले पंचसाहेब परत टीव्ही बघायला," व्हिडिओ खोलीत माझ्या शेजारी बसलेला मदतनीस पुटपुटला. "घरी बायको लावू देत नसेल."

त्या बायकोचा भाऊ आमचाच साहेब, मुख्य व्हिडिओ पंच. तो हसला नाही. गोलसमोर खेळाडू स्वतः पडला की बचावपटूने पाडला, एवढंच ठरवायचं होतं. पाडला असेल तर बचावपटू सामन्याबाहेर. मी नीट दिसणारा कोन शोधत होते. मैदानाच्या कडेच्या टीव्हीवर चित्र अजून सोडलंच नव्हतं.

तरी पंच त्या काळ्या पडद्यापुढे वाकले. हनुवटी चोळून गंभीरपणे मान डोलावली आणि खिशातून लाल कार्ड काढत बचावपटूकडे निघाले.

मला शिसारी आली. गेला मोसमभर मेहुणा कानात निकाल सांगायचा, पंच टीव्ही बघितल्याचं नाटक करायचे आणि आम्ही गिळून गप्प बसायचो. आज मेहुणा बोलला नव्हता, म्हणून यांनी अंदाजानेच ठोकून दिलं.

मला कोन सापडला. बचावपटूचा पाय लागलेलाच नव्हता. मदतनीस छताकडे बघू लागला.

मेहुण्याने माइक जवळ ओढला.

"दाजी, कार्ड आत ठेवा. टीव्ही बंद होता. तुम्हाला दिसत नाही, हे आता मी लपवणार नाही."